जुनी अ‍ॅसिडिटी आणि दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं छातीत जळजळ, रात्री घशाशी येणारं आंबट पाणी आणि रोज सकाळची गोळी. हे घेऊन ओपीडीत येणारे रुग्ण जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या सैल झडपेभोवती जठराचाच वेढा घालण्याचं हे ऑपरेशन मी स्वतः करतो. ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याचं आयुष्य त्याने बदलतं, असं माझं ठाम मत आहे. मात्र गरज आहे की नाही हे तपासण्यांवर ठरायला हवं, वैतागावर नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

जेवल्यावर जळजळ तर सगळ्यांनाच होते. आजार कधी म्हणायचा?

लग्नाच्या जेवणानंतर एखाद्या रात्री जळजळ झाली तर तो आजार नाही. आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा होत असेल, झोपमोड होत असेल, वाकल्यावर खाल्लेलं वर येत असेल किंवा गोळीशिवाय दिवस जात नसेल, तर तपासायला हवं. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं यातलं काहीही असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून आत पाहण्याची तपासणी) करून घ्या; रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणखी एक सांगतो. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम येत असेल, हात किंवा जबडा दुखत असेल, तर ते 'गॅस' समजून सोड्याचं पाणी पीत बसू नका. आधी ईसीजी.

हे होतं कशामुळे? मिसळ सोडली तर थांबेल का?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. एरवी ती घट्ट मिटलेली असते, घास आला की उघडते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, तिला बाहेरून आवळून धरतो. झडप सैल पडली, किंवा पडद्यातलं भोक रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की आम्लाला वाट मोकळी होते. या सरकण्याला हायटस हर्निया म्हणतात. जठराचं अस्तर आम्ल सोसतं, अन्ननलिकेचं सोसत नाही, म्हणून तिथे आग होते आणि पुढे जखमा होतात.

मिसळ, तळलेलं, रात्री साडेदहाचं जेवण आणि लगेच आडवं होणं, तंबाखू, दारू, पोटाचा वाढलेला घेर यांनी त्रास वाढतो. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांमध्ये हे चित्र ठळक दिसतं. झोपण्याआधी तीन तास काही न खाणं, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून १५ ते २० सेंटिमीटर उचलणं, डाव्या कुशीवर झोपणं आणि वजन उतरवणं, यांनी खरोखर फरक पडतो. नुसत्या जादा उशा घेऊन मान मोडते, उपयोग होत नाही. मात्र पडद्यातलं भोक मोठं झालं असेल तर मिसळ सोडल्याने ते लहान होत नाही.

गोळीने बरं वाटतंय. तरी ऑपरेशन करावं का?

बहुतेकांना गरज नाही. युरोपातल्या ११ देशांमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, गोळीने आराम पडणाऱ्या ५५४ रुग्णांचे दोन गट केले होते. पाच वर्षांनी गोळीवाल्या गटात ९२ टक्के आणि ऑपरेशनवाल्या गटात ८५ टक्के लोकांचा आजार आटोक्यात होता. म्हणजे दोन्ही चांगलं. फरक तपशिलात होता: खाल्लेलं वर येण्याचा त्रास गोळीवाल्यांमध्ये १३ टक्क्यांना आणि ऑपरेशनवाल्यांमध्ये २ टक्क्यांना. उलट गिळताना अडकणं आणि पोट फुगणं ऑपरेशनवाल्यांमध्ये जास्त.

यामागचं कारण सोपं आहे. गोळी आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करत नाही. जळजळ थांबते, पण पाणी वर येतच राहतं. वाकून काम करणारे, शेतात राबणारे, गाणारे, रात्री ठसका लागून उठणारे यांना गोळी पुरत नाही ती यामुळे. मोठा हर्निया असणारे, भरपूर गोळी घेऊनही अन्ननलिकेच्या जखमा न भरणारे, गोळीचा दुष्परिणाम होणारे आणि वयाच्या तिशीतच जन्मभराची गोळी नको म्हणणारे, हे ऑपरेशनचा विचार करावा असे बाकीचे. शेवटच्या गटाशी मी जास्त वेळ बोलतो, कारण ऑपरेशननंतरही काहींना गोळी परत लागते.

गोळीला उगाच घाबरू नका. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवता येतं. एकदम बंद केली तर काही आठवडे जळजळ उसळून येते. ती औषध अचानक थांबवल्याची प्रतिक्रिया असते, आजार बळावल्याची खूण नव्हे. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

मी दोन वर्षं गोळ्या घेतोय, काहीच उपयोग नाही. आता ऑपरेशनच ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

आधी मी विचारतो, गोळी कधी घेता? उत्तरं ठरलेली असतात: "चहाबरोबर", "जेवल्यावर", "जळजळलं की". पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या जातीची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, उपाशीपोटी घ्यायची असते. जेवण सुरू झालं की जठरातले आम्ल सोडणारे पंप चालू होतात आणि त्या वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं. सकाळी उठल्याबरोबर अमृततुल्य गाठून चहा-क्रीमरोल आणि त्यानंतर गोळी, असा क्रम असेल तर गोळीचं बरंचसं काम वाया जातं.

अमेरिकेतला एक अभ्यास मी या रुग्णांना हमखास सांगतो. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ थांबत नाही म्हणून पाठवलेले ३६६ रुग्ण त्यात होते. त्यांना दोन आठवडे नीट पद्धतीने, दिवसातून दोनदा ओमेप्रॅझोल दिलं, तर ४२ जणांची तक्रार तेवढ्यानेच बरीच कमी झाली. तपासण्यांत ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. अन्ननलिकेच्या नसा अतिसंवेदनशील झाल्याने होती. काहींमध्ये भलताच आजार निघाला, काही मध्येच बाहेर पडले. शेवटी उपचार ठरवण्यासाठी उरले ७८. या नीट निवडलेल्या रुग्णांमध्ये ऑपरेशनने ६७ टक्क्यांना यश आलं, जास्तीच्या औषधांनी २८ टक्क्यांना, आणि तुलनेसाठीच्या गटात १२ टक्क्यांना.

एकाच अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसतात. ३६६ मधल्या बहुतेकांना ऑपरेशन लागू नव्हतं. ज्यांना लागू होतं, त्यांना त्याच्या जवळपास जाईल असं दुसरं काही नव्हतं. अतिसंवेदनशील नसांमुळे जळजळणाऱ्या माणसाचं ऑपरेशन केलं तर जळजळ तशीच राहते आणि वर ढेकर न येण्याचा त्रास मागे लागतो.

ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या होतात? एंडोस्कोपी झाली आहे, तेवढी पुरत नाही का?

एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा, आकसलेपणा, हर्निया दिसतो. जखमांना ए ते डी अशी श्रेणी देतात. सी किंवा डी असेल तर आजार पक्का. पण अनेकांची एंडोस्कोपी स्वच्छ येते. रिपोर्टवर 'झडप सैल' एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या एका ओळीवर कुणीही ऑपरेशन करून घेऊ नये.

अशा वेळी २४ तासांची पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेत किती वेळ आम्ल येतं हे मोजणारी तपासणी, लागते. गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करतात. नाकातून शेवईएवढी बारीक नळी अन्ननलिकेत उतरवून गालावर चिकटवतात, कमरेला छोटं यंत्र लावतात आणि घरी पाठवतात. जळजळ झाली की बटण दाबायचं, जेवलात-झोपलात की नोंद करायची. लोक त्या दिवशी घाबरून वरण-भात खाऊन पडून राहतात, असं करू नका. नेहमीचं खा, ऑफिसला जा. ज्या खाण्याने त्रास होतो तेच खाल्लं तर उत्तम. नाकात खुपतं, घसा खवखवतो, दुसऱ्या दिवशी सुटका होते. चोवीस तासांतल्या ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर आजार नक्की. ४ टक्क्यांहून कमी असेल तर तक्रारीचं मूळ दुसरीकडे शोधायचं. मधल्या पट्ट्यात बाकीच्या पुराव्यांवर ठरतं.

तिसरी तपासणी मॅनोमेट्री. अन्ननलिका घास खाली ढकलते किती जोराने, आणि झडप गिळताना उघडते का, हे त्यात कळतं. अकलेशिया नावाच्या आजारात झडप उघडतच नाही. अन्न अन्ननलिकेत साठतं, वर येतं आणि रुग्ण 'अ‍ॅसिडिटी' म्हणूनच सांगतो. त्याच्या झडपेभोवती वेढा घातला तर पाणीसुद्धा उतरणार नाही. मॅनोमेट्री न करता कुणी तारीख देत असेल तर कारण विचारा. पुण्यात ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत आणि काही पोटविकार केंद्रांत होते, त्यामुळे सोय नाही ही सबब चालू नये.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात. पोटावर साधारण पाच छिद्रं, प्रत्येक ५ ते १० मिलिमीटरचं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, एका छिद्रातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. यकृताचा डावा भाग उचलून धरला की पडद्यातलं भोक समोर दिसतं. छातीत सरकलेलं जठर खाली ओढून आणतात आणि अन्ननलिकेचा खालचा तुकडा पोटात मोकळा राहील इतका सोडवतात. हे काम सावकाशीचं आहे. अन्ननलिकेला चिकटून व्हेगस नस जाते, ती दुखावली तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. मग अन्ननलिकेच्या मागे टाके घालून भोक लहान करतात.

शेवटी जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेच्या मागून फिरवून, गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसा, पुढे आणून टाक्यांनी बसवतात. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. जठर भरलं की हा वेढा आपोआप दाबला जातो आणि वाट बंद होते. वेढा साधारण २ सेंटिमीटर लांबीचा आणि सैल हवा. जास्त घट्ट झाला तर घास अडकतो. सगळ्याला दीड ते दोन तास लागतात. मोठ्या किंवा दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनला जास्त.

हे तंत्र रुडॉल्फ निस्सेन या शल्यविशारदाने १९५६ मध्ये मांडलं, तेव्हा पोट उघडून करावं लागे. १९९१ पासून ते दुर्बिणीतून होऊ लागलं आणि रुग्णाचे हाल खूप कमी झाले. क्वचित रक्तस्राव किंवा चिकटलेल्या अवयवांमुळे मध्येच पोट उघडावं लागतं, त्याची संमती आधीच घेतात.

निस्सेन, टूपे, डोर हे प्रकार म्हणजे काय?

निस्सेनमध्ये वेढा पूर्ण ३६० अंशांचा, टूपेमध्ये मागून २७० अंशांचा, डोरमध्ये पुढून अर्धा. अर्धवट वेढ्यात अडकणं आणि पोट फुगणं कमी. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर अर्धवटच घालतात. मला स्वतःला बहुतेक रुग्णांसाठी टूपे पसंत आहे. कोणता प्रकार करणार आणि का, हे तुमच्या सर्जननी तुम्हाला समजावून सांगायला हवं.

रोबोटने केलं तर जास्त चांगलं होतं का?

पहिल्यांदाच होणाऱ्या ऑपरेशनमध्ये रुग्णाच्या फायद्यात ठळक फरक दिसलेला नाही, खर्च मात्र वाढतो. सर्जनचा हात यावर किती बसला आहे, हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं.

टाके नकोत. तोंडातून किंवा मॅग्नेटने होत नाही का?

तोंडातून एंडोस्कोपने झडप घडवण्याची पद्धत आहे. हर्निया नसेल किंवा २ सेंटिमीटरपर्यंत असेल अशा निवडक रुग्णांना ती चालते, पण तिच्या टिकाऊपणाचा अनुभव फंडोप्लिकेशनइतका दीर्घ नाही. चुंबकाच्या मण्यांची कडी झडपेभोवती बसवण्यालाही दुर्बिणीचं ऑपरेशनच लागतं. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. कडी बसवल्यावर एमआरआय करताना मर्यादा येतात.

वजन जास्त आहे. तरी करता येईल?

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३५ च्या वर असेल तर नुसत्या वेढ्यापेक्षा वजन उतरवणारं बायपास ऑपरेशन सहसा सरस ठरतं. त्याने वजन आणि आम्ल दोन्ही आटोक्यात येतं. मात्र स्लीव्ह प्रकारच्या, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद करण्याच्या ऑपरेशनने जळजळ वाढू शकते. वजनासाठी स्लीव्ह ठरवत असाल आणि अ‍ॅसिडिटी जुनी असेल, तर हे आधीच बोला.

खोकला, दमा, बसलेला आवाज यांनाही गुण येतो का?

छातीतली जळजळ आणि पाणी वर येणं यांना जेवढा खात्रीने गुण येतो, तेवढा याला येत नाही. पुण्यात वर्षभर धूळ आणि धूर आहे, खोकल्याची कारणं अनेक असतात. पीएच तपासणीत आजार सिद्ध झालेला असेल आणि जळजळही असेल, तर आशा जास्त. नुसता खोकला असेल तर आधी छातीच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बॅरेट्स निघालं आहे. ऑपरेशनने कॅन्सरची भीती जाते का?

नाही. बॅरेट्स म्हणजे आम्लाच्या माऱ्याने अन्ननलिकेचं अस्तर बदलणं, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. ऑपरेशनने तक्रारी जातात, पण ठरलेल्या अंतराने एंडोस्कोपी चालू ठेवावीच लागते.

दवाखान्यात किती दिवस? कामावर कधी?

बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी जातात. पहिल्या दिवशी पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो, तेव्हा घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूने पडदा चेतवला जातो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. चालायला लागलात की ओसरते. बसून काम असेल तर एक-दोन आठवड्यांत रुजू व्हा. गॅस सिलिंडर, पाण्याची कळशी, पोती, जिममधली वजनं दीड महिना उचलायची नाहीत. दुचाकीसाठी निदान दोन आठवडे थांबा, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि स्पीडब्रेकर लक्षात घेऊनच सांगतोय. साताऱ्याकडे, कोकणात किंवा नाशिकला परत जाणार असाल आणि गाडी लागण्याची सवय असेल तर उलटीविरोधी गोळी मागून घ्या. सुरुवातीच्या दिवसांत जोराची उलटी झाली तर टाके सुटू शकतात.

ऑपरेशननंतर खायचं काय?

यावर रुग्णापेक्षा घरच्यांशी जास्त बोलावं लागतं. आईला वाटतं, 'पोरगा उपाशी राहील.'

पहिले काही दिवस पातळ: तांदळाची पेज, गाळलेलं वरण, पातळ ताक, सूप, नाचणीचं आंबील. नंतर दोन-तीन आठवडे मऊ: गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, दही-भात, शिजवून कुस्करलेला दुधी किंवा भोपळा, उपमा सैलसर. आत सूज असते, ती उतरेपर्यंत अन्नाला वाट अरुंद मिळते. पोळी लवकर नको. हवीच असेल तर दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून. मिसळ खायला लोक अधीर असतात आणि त्यांना वाटतं तर्री बाधेल. प्रत्यक्षात पाव अडकतो, कारण ओला झाला की त्याचा गोळा होतो. तसंच कोरडी भाकरी, मटणाचे तुकडे, साबुदाण्याची चिकट खिचडी, उकडीचे मोदक. संकष्टी किंवा नवरात्राचा उपवास मध्ये आला तर वऱ्याचे तांदूळ पातळ करून खा, नाहीतर त्या वेळचा उपवास सोडा.

घास लहान, चावून चावून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. सोडा, कोल्ड्रिंक बंद, कारण वायू वर यायला वाट राहत नाही. मोठ्या गोळ्याही अडकतात, तेव्हा रक्तदाब-मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या फोडून चालतात ते विचारून घ्या. दीड महिन्याने बहुतेक जण नेहमीचं ताट जेवतात.

ढेकर येत नाही, पोट फुगतं असं ऐकलंय.

खरं आहे. ढेकर कमी होते, उलटी करणं अवघड जातं, पोट तडस लागल्यासारखं वाटतं आणि वायू खालून जास्त सरतो. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना हे कायम राहतं. ज्यांची मूळ तक्रारच पोटफुगी आणि सतत ढेकरा ही आहे, जळजळ नाममात्र, त्यांना मी ऑपरेशनपासून दूर ठेवतो. गिळताना अडकणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमी होत जातं. तसं झालं नाही तर एंडोस्कोपीने वाट रुंद करतात, आणि क्वचित वेढा पुन्हा बांधावा लागतो.

एकदा केलं की आयुष्यभर बरं?

स्वीडनमध्ये २६५५ रुग्णांचा पाठपुरावा झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७.७ टक्के लोकांचा त्रास परत आला, म्हणजे साधारण सहांमध्ये एकाचा. त्यातले बहुतेक पुन्हा गोळीवर गेले, थोड्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, म्हणून पहिलं नीट होणं फार मोलाचं. सततचा खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं आणि पुन्हा वाढलेलं वजन यांनी टाक्यांवर ताण येतो.

खर्च आणि इन्शुरन्सचं कसं?

लेखी अंदाज मागा आणि त्यात काय काय धरलंय ते बघा: खोली, भूल, दुर्बिणीची वापरून टाकायची हत्यारं, पडद्यातल्या भोकाला आधार म्हणून बसवायची जाळी. जाळी प्रत्येकाला लागत नाही. मोठ्या हर्नियात विचार करतात, आणि ती अन्ननलिकेत रुतण्याचा धोकाही असतो. तेव्हा 'जाळी का?' हे विचारणं तुमचा हक्क आहे.

विमा कंपन्या हर्नियासाठी ठरावीक प्रतीक्षाकाळ ठेवतात. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. केसपेपरवर 'दहा वर्षांपासून त्रास' असं लिहिलं जाणार असेल आणि पॉलिसी घेताना ते सांगितलेलं नसेल, तर दावा अडकतो. खरं काय ते सांगा आणि कॅशलेसची पूर्वपरवानगी भरती होण्याआधी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का ते आधी पाहा. खासगी खर्च झेपत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून सर्वोपचार रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात दाखवा. कर्ज काढून घाईने ऑपरेशन करण्याचा हा आजार नाही; तोवर गोळी आणि पथ्य चालतं.

घरी गेल्यावर कोणत्या वेळी लगेच फोन करायचा?

ताप १०१ च्या वर, धाप लागणं, छातीत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, जोराच्या उलट्या, लाळही गिळता न येणं, छिद्रातून पू किंवा रक्त, पिंढरी सुजून दुखणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. घरी जाण्याआधी रात्री लागणारा नंबर केसपेपरवर लिहून घ्या आणि एक फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही ठेवा.